खेळाचे रसिक आणि खेळाचे मालक

नाटकमंडळी गांवांत आली कीं तिच्यामागून आणखी एक मंडळी आपोआप उभी राहत असे. ही दुसरी मंडळी पगारी नसे, पडदे रंगवीत नसे, तिकिटें विकत नसे; परंतु कोणत्या प्रवेशांत कोणतें पद गाळलें आणि कोणत्या नटाचा आवाज कोठें बसला, याचा बिनचूक हिशेब तिच्याजवळ असे. रसिकांची ही जात अजून नाहींशी झालेली नाहीं. तिनें केवळ जागा बदलली आहे. व्हिडिओ गेम या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खेळांभोवतीं आज जगभर असेच रसिक गोळा झालेले दिसतात, आणि एकेका खेळाच्या प्रेमापोटीं त्यांनीं उभारलेल्या संकेतस्थळाला फॅनसाइट असें म्हणतात. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरापर्यंत अशा कामांत गढून गेलेली दिसली म्हणजे वडील माणसांना प्रश्न पडतो, कीं हा उद्योग कसला, याचा खरा मालक कोण, आणि यांतून निष्पन्न काय होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यासाठीं या कामाचें स्वरूप काय, आणि खेळ प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांशीं त्याचा संबंध कोठें व कसा येतो, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

व्हिडिओ गेम म्हणजे घटकाभराची करमणूक अशी समजूत असेल तर ती प्रथम दूर केली पाहिजे. कांहीं मोठे खेळ पुरे करण्यास शंभर-शंभर तास लागतात. त्यांत नकाशे असतात, शेंकडों पात्रें असतात, गुंतागुंतीचें कथानक असतें, आणि कंपनी त्यांत वेळोवेळीं फेरफारहि करीत असते. खेळाबरोबर मिळणारी माहिती या पसाऱ्याला पुरी पडत नाहीं. ती उणीव रसिक भरून काढतो. कोणतें दार कोणत्या किल्लीनें उघडतें, कोणत्या शत्रूपुढें कोणतें शस्त्र चालतें, मागील महिन्याच्या फेरफारानंतर कोणता डाव निरुपयोगी झाला, हें सर्व तो स्वतः खेळून, पुन्हां पुन्हां ताडून पाहून लिहून ठेवतो. १९९५ सालीं अमेरिकेंत जेफ व्हीझी यांनीं 'गेमफॅक्स' नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेलें संकेतस्थळ सुरू केलें. खेळाडूंनीं खेळाडूंसाठीं लिहिलेल्या मार्गदर्शिका एका ठिकाणीं जमा करणें एवढाच त्याचा हेतु होता. तें इतकें वाढलें कीं २००३ मध्यें सीनेट या मोठ्या कंपनीनें तें विकत घेतलें. १९९४ च्या अखेरीस बंजी या शिकागोच्या कंपनीनें 'मॅराथॉन' हा खेळ काढला, आणि लगेच १९९५ मध्यें केवळ त्याच्या कथेचा अर्थ लावण्यासाठीं एक संकेतस्थळ निघालें. ज्ञानेश्वरीच्या एकेका ओवीवर जाणत्यांची चर्चा चालावी, तशी तेथें खेळांतील एकेका वाक्यावर चर्चा चाले.

अशा कामाला पैशाहून वेळ अधिक लागतो. परंतु पैसा अगदींच लागत नाहीं असें नाहीं. संकेतस्थळाचें नांव दरसाल भाडें भरून राखावें लागतें. मजकूर ज्या यंत्रावर ठेवावयाचा त्याचेंहि भाडें असतें, आणि वाचक वाढले कीं तेंहि वाढतें. म्हणून पुष्कळ रसिक फुकटची जागा शोधतात. जिओसिटीज नांवाच्या सेवेवर अशा हजारों हौशी माणसांनीं आपलीं घरकुलें थाटलीं होतीं. ऑक्टोबर २००९ मध्यें याहू कंपनीनें ती सेवा बंद केली, आणि ज्यांनीं आपल्या लिखाणाची प्रत वेगळी राखली नव्हती, त्यांपैकीं अनेकांचा वर्षानुवर्षांचा मजकूर नाहींसा झाला. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराची ही कथा आहे. फॅनसाइट चालविणाऱ्यानें पहिला धडा घ्यावयाचा तो हाच: नांव स्वतःच्या ताब्यांत ठेवावें, आणि मजकुराची एक प्रत नेहमीं आपल्याजवळ असावी.

आतां कंपनीची बाजू पाहूं. खेळ तयार करण्यास शेंकडों माणसें आणि अनेक वर्षें लागतात. तो बाजारांत आल्यावर लोकांनीं त्याविषयीं बोलत राहावें, अडलेल्या खेळाडूस वाट सांपडावी, निराश झालेल्यानें खेळ टाकून देऊं नये, हें कंपनीच्या हिताचें असतें. आणि हें सारें काम रसिक एक पैहि न घेतां करीत असतो. चतुर कंपन्यांनीं हें लवकरच ओळखलें. फेब्रुवारी १९९९ मध्यें 'मॅराथॉन'च्या वर सांगितलेल्या संकेतस्थळाच्या चालकास 'कॉर्टाना' या नांवानें कांहीं गूढ पत्रें आलीं. तीं बंजीनेंच धाडलीं होतीं. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या 'हेलो' या खेळाची ती पहिली चाहूल होती. मोठमोठ्या वृत्तपत्रांत जाहिरात देण्याऐवजीं कंपनीनें आपले सर्वांत चौकस वाचक बरोबर हेरले होते.

परंतु ज्या कंपनीचा प्रसिद्धिविभाग रसिकाला आमंत्रण धाडतो, त्याच कंपनीचा कायदेविभाग त्याच रसिकाला नोटीसहि धाडूं शकतो. या दोन खोल्यांत बसणारीं माणसें वेगळीं, त्यांचीं कामें वेगळीं, आणि कित्येकदां एकाला दुसऱ्याची वार्ताहि नसते. प्रसिद्धिविभागांतील एखाद्या सुस्वभावी गृहस्थानें 'तुमचें काम उत्तम आहे' असें लिहिलें, म्हणजे कंपनीनें कायदेशीर परवानगी दिली असें होत नाहीं. हा भेद न समजल्यामुळें अनेक भाबड्या रसिकांचा हिरमोड झाला आहे.

म्हणूनच मालकी कशाकशाची, हें स्पष्ट असावें. खेळांतील चित्रें, संगीत, पात्रें, कथा आणि खेळाचें नांव यांवर कंपनीचा हक्क असतो. अमुक दार अमुक किल्लीनें उघडतें ही वस्तुस्थिति मात्र कोणाच्याहि मालकीची नव्हे. आणि ती सांगण्यासाठीं रसिकानें स्वतः लिहिलेलीं वाक्यें रसिकाचींच. भारतांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानें टीका आणि परीक्षण यांसाठीं दुसऱ्याच्या कृतीचा उचित उपयोग करण्यास मोकळीक ठेवली आहे. अमेरिकेच्या कायद्यांतहि अशीच सोय आहे, जरी तिच्या कसोट्या निराळ्या आहेत. खेळाविषयीं लिहितांना खेळाचें नांव घेणें भागच असतें, आणि त्याला सहसा प्रत्यवाय नसतो. परंतु कंपनीचें बोधचिन्ह माथ्यावर मिरवून हेंच कंपनीचें अधिकृत संकेतस्थळ असा वाचकाचा समज होऊं देणें ही वेगळी गोष्ट. 'या संकेतस्थळाचा कंपनीशीं संबंध नाहीं' असें एक वाक्य पहिल्या पानावर असणें यासाठींच इष्ट. त्यानें सर्व दोष धुऊन निघतात असें नव्हे. पण वाचकाची फसवणूक टळते. कित्येक कंपन्यांनीं आपल्या खेळांतील चित्रांचा उपयोग कोणीं व कसा करावा याचे लेखी नियमच प्रसिद्ध केले आहेत. मायक्रोसॉफ्टनें ते २००७ मध्यें केले, निन्टेन्डोनें चित्रें व चलच्चित्रें यांपुरते नोव्हेंबर २०१८ मध्यें केले. संकेतस्थळ काढण्यापूर्वीं ते वाचणें ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

लिहिणें आणि खेळच नव्यानें रचणें यांत फार मोठें अंतर आहे, आणि या अंतरावरच बहुतेक रसिकांचा पाय घसरतो. आर्जेंटिनांतील मिल्टन गुआस्टी या रसिकानें निन्टेन्डोच्या १९९१ च्या 'मेट्रॉइड दोन' या खेळाची नवी आवृत्ति सुमारें दहा वर्षें खपून सिद्ध केली. मूळ मालिकेला तीस वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, ६ ऑगस्ट २०१६ रोजीं, त्यानें ती विनामूल्य प्रसिद्ध केली. काम इतकें उत्कृष्ट होतें कीं जाणकारांनीं तोंड भरून स्तुति केली. परंतु थोड्याच दिवसांत निन्टेन्डोच्या नोटिसांमुळें ती ठिकठिकाणाहून काढून टाकावी लागली. पुढील वर्षींच्या सप्टेंबरांत निन्टेन्डोनें त्याच खेळाची स्वतःची नवी आवृत्ति बाजारांत आणली, तेव्हां त्या घाईचें कारण पुष्कळांच्या ध्यानीं आलें. दहा वर्षांच्या श्रमांचें फळ हें असें झालें. तरी तो कसब वाया गेला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. गुआस्टी पुढें 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या नामांकित खेळाच्या रचनाकारांत जाऊन बसला.

सर्वच कंपन्या असें वागतात असें मात्र नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिश्चन व्हाइटहेड यानें सेगा कंपनीच्या 'सॉनिक सीडी' या जुन्या खेळाचा मोबाइल फोनवर चालणारा नमुना स्वतःच्या हौसेनें तयार केला होता. त्यानें तो लोकांत वाटून टाकला नाहीं, तर कंपनीपुढें ठेवला. २०११ मध्यें सेगानें त्याच्याकडूनच त्या खेळाची अधिकृत आवृत्ति करून घेतली, आणि ऑगस्ट २०१७ मध्यें त्यानें व त्याच्यासारख्याच इतर रसिकांनीं मिळून रचलेला 'सॉनिक मॅनिया' हा नवाच खेळ सेगाच्या नांवानें निघाला. त्याच सेगानें २०१२ च्या अखेरीस 'शायनिंग फोर्स' या खेळाविषयींचीं रसिकांचीं चलच्चित्रें यूट्यूबवरून काढून टाकविलीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे कंपनीचें वर्तन म्हणजे तिचा कायमचा स्वभाव नव्हे, तर त्या वेळचें धोरण असतें, हें कळून येतें.

तिसरें उदाहरण या दोहोंच्या मधलें आहे. ब्लिझर्ड कंपनीच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचें मूळचें रूप अनेक फेरफारांनंतर लोपलें होतें. फ्रान्समधील कांहीं रसिकांनीं 'नोस्टॅलरियस' या नांवानें तें जुनें रूप स्वतःच्या यंत्रांवर चालूं ठेवलें. कंपनीची परवानगी नव्हती, आणि नोटीस आल्यावर एप्रिल २०१६ मध्यें त्यांनीं तें बंद केलें. त्यांनीं ना शिवीगाळ केली, ना चोरून तेंच पुढें चालविलें. जुना खेळ परत मिळावा असा अर्ज त्यांनीं मांडला, आणि दोन लाखांहून अधिक लोकांनीं त्यावर आपलीं नांवें घातलीं. जूनमध्यें कंपनीनें त्यांना आपल्या कचेरींत भेटीस बोलाविलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें जुन्या रूपाची घोषणा झाली, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें कंपनीनेंच तें अधिकृतपणें सुरू केलें. मालकीच्या प्रश्नावर कंपनी तसूभरहि हटली नाहीं. पण मागणी खरी आहे आणि मागणारे सभ्य आहेत हें पाहिल्यावर तिनें ती ऐकली.

कंपनीशीं प्रत्यक्ष देवघेव सुरू झाली म्हणजे आणखी एक अवघड प्रसंग येतो. फॅनसाइटची कीर्ति वाढली कीं कंपनी तिला नवा खेळ विक्रीपूर्वींच परीक्षणासाठीं धाडते. त्याबरोबर एक अट असते, कीं अमुक दिवस उजाडेपर्यंत यांतील कांहींहि प्रसिद्ध करूं नये. पोर्तुगालमधील 'एफनिन्टेन्डो' या रसिकांच्या संकेतस्थळाला नोव्हेंबर २०१९ च्या आरंभीं पोकेमॉन मालिकेंतील 'सोर्ड' व 'शील्ड' या खेळांची प्रत अशीच मिळाली होती. त्यांच्या परीक्षकाच्या हातून खेळाचीं छायाचित्रें विक्रीच्या दिवसापूर्वींच बाहेर फुटलीं. फेब्रुवारी २०२० मध्यें त्या संकेतस्थळानें आपली चूक जाहीरपणें कबूल केली, आणि निन्टेन्डोनें त्याच्याशीं पुढें सहकार्य न करण्याचें ठरविलें. चूक एका माणसाची, नुकसान सगळ्यांचें.

याच्याशेजारीं दुसरा एक प्रसंग ठेवून पाहण्यासारखा आहे. मार्च २००७ मध्यें 'कोटाकू' या खेळविषयक वृत्त देणाऱ्या संकेतस्थळाला सोनी कंपनीच्या एका नव्या योजनेची बातमी बाहेरून मिळाली. सोनीनें ती छापूं नये असें सांगितलें. कोटाकूनें ती छापली. सोनीनें ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या. कोटाकूनें तोहि सर्व प्रकार उघड केला, आणि सोनीनें लवकरच आपला बहिष्कार मागें घेतला. दोन्हीं प्रसंगीं गुप्त गोष्ट फुटली; मग एकाला शरमिंदें व्हावें लागलें आणि दुसऱ्याची मान ताठ राहिली, हें कसें? कारण पहिल्यानें शब्द दिला होता, दुसऱ्यानें दिला नव्हता. जो शब्द दिला नाहीं तो पाळण्याचें बंधन नाहीं. पण जो दिला तो कागदावर असो वा नसो, पाळलाच पाहिजे. म्हणून शब्द देण्यापूर्वींच विचार करावा. गुप्ततेचा करार सहीसाठीं पुढें आला तर तो संपूर्ण वाचावा, आणि किती दिवस, कोणत्या गोष्टींविषयीं गप्प बसावयाचें तें निश्चित करून घ्यावें.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकटचा खेळ, प्रवासखर्च, समारंभाचें आमंत्रण, जाहिरातीचें उत्पन्न, या सर्व पोळ्याच होत. त्या घेऊंच नयेत असा हट्ट कोणी धरणार नाहीं. त्या कोणीं वाढल्या हें वाचकाला सांगितलें म्हणजे झालें. मराठी मासिकांत 'साभार पोच' या मथळ्याखालीं आलेल्या पुस्तकांचीं नांवें छापण्याची जुनी प्रथा आहे. तिच्यांत एक प्रामाणिकपणा आहे: हें पुस्तक विकत घेतलेलें नाहीं, धाडलेलें आहे, हें वाचकाला आपोआप कळतें. खेळांच्या जगांत ही प्रथा न पाळल्यानें सरकारला मध्यें पडावें लागलें. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या २०१४ च्या खेळाची स्तुति करणारीं चलच्चित्रें पैसे देऊन करविलीं, आणि तें प्रेक्षकांना पुरेसें स्पष्ट होऊं दिलें नाहीं, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें वॉर्नर ब्रदर्सच्या एका शाखेवर ठेवला. जुलै २०१६ मध्यें तडजोड होऊन कंपनीला पुढें तसें न करण्याचें बंधन स्वीकारावें लागलें. भारतांतहि जाहिरातदारांच्या नियामक संस्थेनें २०२१ मध्यें आणि केंद्र सरकारच्या ग्राहकविभागानें जानेवारी २०२३ मध्यें अशा स्तुतिपाठकांसाठीं नियम जाहीर केले. मोबदला वा भेट घेतली असेल तर ती ठळकपणें सांगावी, हा त्यांचा गाभा. पुण्यामुंबईंतील ज्या तरुणांनीं अशा उद्योगांत पाऊल टाकलें आहे, त्यांनाहि हे नियम लागूं आहेत.

कंपनीनें पैसा दिला म्हणजे स्वातंत्र्य गेलेंच, असेंहि नव्हे. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीच्या 'रूनस्केप' या खेळाचा कोश रसिकांनीं अनेक वर्षें खपून रचला होता. तो ज्या व्यापारी संस्थेच्या यंत्रावर होता, ती जागा सोडून २०१८ मध्यें रसिकांनीं त्याला स्वतंत्र घर बांधून दिलें. त्या घराच्या खर्चाला जॅगेक्सनें हातभार लावला, आणि कोशांत काय लिहावयाचें तें रसिकांच्याच हातीं राहिलें. करार आधीं ठरला, प्रत्येकाचें काम आधीं ठरलें, म्हणून हें साधलें.

इतकी काळजी घेऊनहि एखादे दिवशीं कायदेविभागाचें पत्र येऊं शकतें. त्या वेळीं घाबरून सर्व मजकूर पुसून टाकणें जितकें चूक, तितकेंच रागाच्या भरांत तें पत्र चव्हाट्यावर मांडून कंपनीला दूषणें देणें चूक. प्रथम पत्र खरोखर कंपनीचेंच आहे काय तें पाहावें. थट्टा वा लबाडी म्हणूनहि अशीं पत्रें धाडलीं जातात. मग आक्षेप नेमका कशावर आहे तें शोधावें. पुष्कळदां तो एका चित्रावर किंवा एका धुनेवर असतो, आणि तेवढें काढल्यानें प्रकरण मिटतें. अमेरिकेंतील यंत्रांवर ठेवलेल्या मजकुराला तेथील १९९८ चा कायदा लागूं पडतो. त्यानुसार हक्कदाराची सूचना येतांच यंत्राचा चालक मजकूर काढून टाकतो. परंतु ती सूचना चुकीची असेल तर उलट सूचना देण्याचा अधिकार मजकूर ठेवणारासहि आहे. ती देण्यापूर्वीं मात्र जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण तिच्यानंतर प्रकरण न्यायालयाच्या दारीं जाण्याचा संभव असतो. उत्तर द्यावयाचें तें थोडक्यांत, नम्रपणें आणि लेखी द्यावें. कंपनीशीं झालेला सर्व पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेला असेल तर अशा वेळीं त्याचा उपयोग होतो. प्रसिद्धिविभागांतील ओळखीचा मनुष्य नोकरी सोडून जातो; कागद मात्र राहतो.

पाण्यांत राहून माशाशीं वैर नको, हें खरें. पण माशाच्या पोटांत जाऊन बसणें हेंहि शहाणपण नव्हे. कंपनीनें निकृष्ट खेळ काढला तर तो निकृष्ट आहे असें लिहिण्याचें धैर्य ज्याच्याजवळ उरलें नाहीं, त्याच्या स्तुतीला वाचक किंमत देत नाहींत, आणि वाचक गेले कीं कंपनीलाहि त्याची गरज उरत नाहीं. फॅनसाइटचें भांडवल म्हणजे तिच्या वाचकांचा विश्वास. तो कंपनी देऊं शकत नाहीं, आणि नोटीस धाडून हिरावूनहि घेऊं शकत नाहीं.

तेव्हां घरांतील वडील माणसांनीं या उद्योगाकडे केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहूं नये. त्यांत गढलेला मुलगा व्यवस्थित लिहावयास शिकतो, दिलेला शब्द पाळावयास शिकतो, परक्याच्या वस्तूची आणि स्वतःच्या वस्तूची सीमा ओळखावयास शिकतो. मात्र तो हें खरोखरच शिकतो आहे कीं नाहीं, याची चौकशी अधूनमधून जरूर करावी. हा खेळ कोणाचा, यांतील तुझें काय, आणि तूं कोणाला काय कबूल केलें आहेस, हे तीन प्रश्न विचारले तरी पुरे. रसिकाचें प्रेम कितीहि खरें असलें तरी त्या प्रेमानें त्याला मालकी मिळत नाहीं. आपल्या हातीं काय आहे आणि काय नाहीं, हें ज्यानें वेळींच ओळखलें, त्याचें वर्षानुवर्षांचें काम एका पत्रानें उध्वस्त होण्याची भीति पुष्कळ कमी होते.